नाव बंदराचं, हात कुणाचे?

आमच्या बेलापुरात निकाहच्या आहेरातला टी-सेट सहसा चहासाठी निघत नाही, तो शोकेसमध्ये बसतो. निळी-लाल नक्षी, सोनेरी काठ असला की म्हणायचं ‘जपानी’, आणि त्याच दमात ‘चिनी मातीचा’!

लोणच्याच्या बरणीला उर्दूत मर्तबान म्हणतात, ते ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून. जपानी भांड्यांचंही तसंच. घडायची आरिता गावात, नाव झालं इमारी, कारण माल त्या बंदरातून निघायचा.

पण आरितात ही कला आली कुठून? १५९२ ते १५९८ च्या स्वाऱ्यांत जपानी सरदारांनी कोरियातून कुंभार धरून आणले. त्यांतल्या यी साम-प्योंगला १६१६ च्या सुमारास आरिताच्या डोंगरात लागणारा पांढरा दगड सापडला, असं सांगतात. तो कुटून माती करायची. निळी नक्षी झिलईखाली काढून भांडं सुमारे १३०० अंशांवर भाजायचं. लाल-सोनेरी रंग नंतर, कमी आचेवर.

१६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं, चीनचा माल आटला. डच कंपनीने १६५९ मध्ये आरिताला मोठी मागणी नोंदवली. हीच ती कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती.

यी साम-प्योंगचं स्मारक आरितात आहे. त्याच्यासारख्या धरून आणलेल्या बहुतेकांची नावं मात्र हरवली.