विटर्बोचे छप्पर

ख्रिस्तसभेतील पुढाऱ्याची पहिली निवड कशी झाली, याचा वृत्तान्त ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. यहूदाची जागा रिकामी होती. सुमारे एकशेवीस बंधुजनांपुढे उभे राहून पेत्राने निकष सांगितला: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो आपल्या सहवासात राहिला, अशांपैकीच एकाने पुनरुत्थानाचा साक्षी व्हावे. योसेफ बर्सबा आणि मत्थिया ही दोन नावे पुढे आली. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि मत्थियाची अकरा प्रेषितांत गणना झाली. उमेदवार सर्वांच्या परिचयाचे होते. निवडणाऱ्यांना त्या निवडीतून स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते. आणि अखेरचा शब्द आपला नव्हे याची सर्वांना जाणीव होती.

याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात दुसरे टोक दिसते. शिमोन नावाचा जादूगार प्रेषितांपुढे पैसे ठेवतो आणि त्यांचा अधिकार विकत मागतो. धर्मपदांच्या खरेदी-विक्रीला ‘सिमोनी’ हे नाव पडले ते त्याच्यावरूनच. मत्थियाची निवड आणि शिमोनाचा सौदा या दोन वाटा तेव्हापासून ख्रिस्तसभेपुढे आहेत. प्रामाणिक निवड केवळ निवडणाऱ्यांच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही, हा धडा ख्रिस्तसभेने तेराव्या शतकात इटलीतील विटर्बो या गावी शिकला. तो धडा आम्हांला आजही जुना वाटत नाही.

रोमचा बिशप कोणी निवडावा याबद्दल प्रारंभीच्या शतकांत एकच पद्धत नव्हती. रोमचे धर्मगुरू, लोक, पुढे सम्राट आणि सरदार घराणी, सर्वांचाच त्यात हात असे. हा गोंधळ आवरण्यासाठी पोप निकोलस दुसरे यांनी १०५९ साली निवडीचा मुख्य अधिकार कार्डिनल बिशपांकडे सोपवला. पुढे ११७९ साली पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या काळात, तिसऱ्या लॅटरन परिषदेने सर्व कार्डिनलांच्या दोनतृतीयांश मतांची अट घातली. राजांचा हात दूर करण्याची वाट झाली. परंतु निवडणाऱ्यांच्या मनातील स्वार्थ दूर करण्याची तरतूद अद्याप झाली नव्हती.

२९ नोव्हेंबर १२६८ रोजी पोप क्लेमेंट चौथे विटर्बो येथे निवर्तले. तेथेच सुमारे वीस कार्डिनल निवडीसाठी जमले. सिसिलीचा राजा शार्ल द आंजू हा फ्रान्सच्या राजाचा भाऊ. त्याचे इटलीतील वर्चस्व वाढावे असे काहींना वाटे, तर काहींना ते मुळीच नको होते. दोनतृतीयांश मते कोणत्याही पक्षाकडे नव्हती आणि माघार घ्यायला कोणी तयार नव्हते. महिन्यांमागून महिने गेले. विलंबाने निवडणाऱ्यांचे काही बिघडत नव्हते. बिघडत होते ते ख्रिस्तसभेचे.

अखेर विटर्बोच्या नागरिकांचा संयम सुटला. गावच्या अधिकाऱ्यांनी कार्डिनलांना बिशपांच्या प्रासादात कोंडले, त्यांचे अन्न कमी केले आणि शेवटी प्रासादाचे छप्परच काढून टाकले. पवित्र आत्म्याला आत येण्यास वाट मोकळी झाली, असा विनोद एका कार्डिनलाने त्या वेळी केल्याचे सांगतात. छपराची गोष्ट मात्र केवळ विनोदापुरती नाही. ८ जून १२७० रोजी कार्डिनलांनी आजारी पडलेल्या एका सहकाऱ्याला बाहेर सोडावे म्हणून पत्र लिहिले, त्या पत्रावर ‘उघड्या प्रासादातून’ असा उल्लेख आहे. त्या काळात तीन कार्डिनलांना मृत्यूने गाठले, तरीही निर्णय होईना.

मार्च १२७१ मध्ये फ्रान्सचा राजा फिलीप तिसरा आणि शार्ल स्वतः विटर्बोस आले. त्याच दिवसांत तेथील एका चर्चमध्ये उपासना चालू असताना शार्लच्या चाकरीतील गी द माँफोर याने इंग्लंडच्या राजाचा पुतण्या हेन्री याचा खून केला. ज्या गावात ख्रिस्तसभेचा मेंढपाळ निवडला जायचा, त्याच गावात वेदीसमोर रक्त सांडले. नेतृत्वाची जागा रिकामी ठेवण्याची किंमत कोण मोजतो, हे सांगण्यास आम्हांला याहून स्पष्ट उदाहरण आठवत नाही.

अखेरीस कार्डिनलांनी सहा जणांवर निर्णय सोपवला आणि १ सप्टेंबर १२७१ रोजी या सहा जणांनी तेओबाल्दो विस्कोंती यांचे नाव जाहीर केले. ते कार्डिनल नव्हते. त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षाही झालेली नव्हती. त्या वेळी ते क्रूसयोद्ध्यांबरोबर पवित्र भूमीत होते. दोन वर्षे नऊ महिने चाललेल्या भांडणात ज्यांचा पक्षच नव्हता, असे ते गृहस्थ. मार्च १२७२ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची व नंतर बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि पोप ग्रेगरी दहावे या नावाने ते पेत्राच्या आसनावर बसले.

ग्रेगरींनी विटर्बो विसरले नाही. १२७४ साली भरलेल्या लिआँच्या दुसऱ्या परिषदेत त्यांनी ‘ऊबी पेरिकुलुम’ हा नियम मांडला. पोपच्या निधनानंतर दहा दिवस वाट पाहावी. मग कार्डिनलांनी एकाच बंद दालनात एकत्र राहावे. बाहेरच्यांशी निरोपानिरोपी करू नये. तीन दिवसांत निवड न झाल्यास जेवणात एकच पदार्थ मिळावा आणि आणखी पाच दिवसांनंतर केवळ भाकर, पाणी व द्राक्षारस. त्या काळात पोपच्या खजिन्यातून कार्डिनलांना काहीही मिळू नये. आपसांतील करार, वचने आणि शपथा रद्द समजाव्यात. ‘कॉन्क्लेव्ह’ या शब्दाचा अर्थच किल्लीने बंद करता येणारी खोली. विटर्बोच्या लोकांनी रागाने जे केले, तेच ग्रेगरींनी नियमाने आणि मर्यादेने केले. कार्डिनलांना हा नियम रुचला नाही. तेव्हा ग्रेगरींनी परिषदेस जमलेल्या बिशपांची लेखी संमती घेतली.

जानेवारी १२७६ मध्ये ग्रेगरी निवर्तले. त्यांच्या नियमानुसार भरलेल्या पहिल्या सभेत एका दिवसात पोप इनोसंट पाचवे निवडले गेले. नियमाचे फळ इतके स्पष्ट असूनही त्याच वर्षी पोप एड्रियन पाचवे यांनी तो स्थगित केला आणि पोप जॉन एकविसावे यांनी तो रद्द केला. परिणाम लवकरच दिसला. १२९२ साली पोप निकोलस चौथे यांच्या निधनानंतर आसन सव्वादोन वर्षे रिकामे राहिले.

तेव्हा कार्डिनलांनी डोंगरावर एकांतात राहणाऱ्या पिएत्रो दा मोर्रोने या वृद्ध तपस्व्याची निवड केली. पोप सेलेस्टीन पाचवे यांचे संतपण निर्विवाद होते, परंतु कारभाराची ओळख त्यांना नव्हती. नेपल्सच्या राजाच्या तंत्राने ते चालू लागले. मात्र दोन गोष्टींनी त्यांनी ख्रिस्तसभेला ऋणी करून ठेवले. ग्रेगरींचा नियम त्यांनी पुन्हा लागू केला. आणि आपण या कामास पुरे पडत नाही हे ओळखून १३ डिसेंबर १२९४ रोजी त्यांनी स्वेच्छेने पद सोडले. १२९८ साली पोप बोनिफेस आठवे यांनी तो नियम धर्मसभेच्या कायद्यात कायमचा समाविष्ट केला.

त्या नियमात पुढे पुष्कळ बदल झाले, परंतु बंद दार आणि गुप्ततेची शपथ टिकून राहिली. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस १९५८ व १९६३ साली याच दारातून आत गेले. मे २०२५ मध्ये गोव्याचे कार्डिनल फिलीप नेरी फेराव आत गेले आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, पोप लिओ चौदावे यांचे नाव जगाला कळले.

मोठ्या आसनाची ही कथा आमच्या लहान निवडींनाही लागू पडते. धर्मग्रामाची परिषद असो, एखादे मंडळ असो वा पतपेढी, नाव सुचवताना ‘हा आमच्या आळीचा’, ‘हा आपले काम करून देईल’ हा हिशेब मनात डोकावतोच. आपण वाईट आहोत म्हणून नव्हे, तर माणसे आहोत म्हणून. विटर्बोचे कार्डिनलही दुष्ट नव्हते. म्हणूनच निवडणाऱ्याचा लाभ आधी काढून घ्यावा, खासगी वचने निरर्थक ठरवावीत, आणि उमेदवाराला भक्तीबरोबर कामाची पात्रता आहे का हेही पाहावे. सेलेस्टीन यांची कथा शेवटच्या मुद्द्याची साक्ष देते.

आणि ज्यांना मत नसते त्यांचे काय? विटर्बोच्या नागरिकांना मत नव्हते. तरीही मेंढपाळावाचून राहणे आपल्याला परवडणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि ते गप्प बसले नाहीत. प्रत्येक निवडीच्या वेळी प्रार्थनेसाठी हात जोडताना आपण त्यांचीही आठवण ठेवावी, असे आम्हांला वाटते.