वाऱ्याची बंदूक आणि दहा पावलांचे अंतर

दिवाळीच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या पोरांच्या हाती दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे किल्ल्याची ओली माती आणि दुसरे टिकल्यांचे पिस्तूल. मावळे बुरुजावर चढायच्या आधीच निम्म्या टिकल्या उडवून झालेल्या असतात. या वर्षी तो आवाज ऐकत असतानाच मोबाईलवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लांबलचक मजकूर आला. मुलगा बेळगावचाच, आता अमेरिकेत स्थायिक झाला आहे.

"सर, नमस्कार. इकडे घर घेतले आहे. मागे थोडी जमीन आहे, भाजी लावली आहे आणि ससे ती फस्त करतात. आमच्या राज्यात परवाना काढून हंगामात सशाची शिकार करता येते. शेजारी म्हणतो, हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल घे. धूर नाही, फार आवाज नाही. दुकानात पन्नास प्रकार आहेत. कोणते घेऊ? तुम्ही लहानपणी छऱ्याची बंदूक चालवली होती, असे वर्गात सांगितले होते. त्या होल्याची गोष्ट मात्र तुम्ही अर्धीच सांगितली होती."

इतिहासाच्या मास्तराला कोणी पिस्तुलाचा सल्ला विचारावा, याची आधी गंमत वाटली. पण पोराच्या शेवटच्या वाक्याने झोप उडवली. तेव्हा त्याला जे उत्तर लिहिले, तेच थोडे विस्ताराने वाचकांपुढे ठेवतो.

छऱ्याची बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतला फुगे फोडायचा तंबू येतो. त्यामुळे हे मुलांचे खेळणे, अशी आपली समजूत असते. तिचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. दाबलेल्या हवेत शक्ती असते, हे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने ओळखले होते. पंप आणि पाण्याच्या दाबावर वाजणारे वाद्य ही त्याचीच करणी. त्या शक्तीची बंदूक व्हायला पुढे अठराशे वर्षे जावी लागली. आज जी सर्वांत जुनी हवेची बंदूक शिल्लक आहे, ती सुमारे १५८० ची असून स्टॉकहोमच्या राजशस्त्रागाराच्या संग्रहालयात आहे. तिच्या दस्त्यात लोहाराच्या भात्यासारखा छोटा भाता बसवलेला आहे.

ही बंदूक लढाईतही उतरली. टायरॉलच्या बार्थोलोमेउस गिरार्डोनी या कारागिराने १७७९ च्या सुमारास एक रायफल तयार केली आणि १७८० पासून ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती वापरली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. नळीच्या बाजूला वीस गोळ्यांची नळकांडी. बंदूक जरा उभी धरून एक ठोकळा सरकवला की पुढची गोळी जागेवर येई. इतर सैनिक दारू ठासून एक बार काढत, तेवढ्यात हा पठ्ठ्या डझनभर बार काढी. आणि धूर नसल्यामुळे तो कोठे दडला आहे, हे शत्रूला कळत नसे. मग ती मागे का पडली? एक टाकी भरायला पंपाचे सुमारे पंधराशे दट्टे मारावे लागत. चामड्याच्या चकत्या सुकल्या की हवा निसटे. टाक्या घडवणे अवघड, दुरुस्ती त्याहून अवघड. १८१५ च्या सुमारास ती सैन्यातून गेली.

याच जातीची एक बंदूक, असे बहुतेक अभ्यासक मानतात, मेरीवेदर लुईसने १८०३ ते १८०६ च्या अमेरिकेच्या पश्चिम सफरीवर नेली होती. वाटेत भेटणाऱ्या आदिवासींना ती दाखवून तो चकित करीत असे. सफरीच्या आरंभीच, ३० ऑगस्ट १८०३ रोजी, पिट्सबर्गजवळच्या एका बेटावर त्याने ती बंदूक काही लोकांना दाखवली. एका गृहस्थाने हाती घेतली, त्याला ती चालवता येत नव्हती, आणि बार उडाला. सुमारे ३५ मीटरवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या टोपीतून गोळी गेली आणि तिच्या कानशिलाला चाटून गेली. ती कोसळली. सगळ्यांना वाटले, मेलीच. सुदैवाने ती वाचली आणि लुईसने हा प्रसंग आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवला. आवाज नाही, धूर नाही, म्हणून माणूस हिला खेळणे समजतो. हा समज तेव्हापासूनचा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ती चालण्याच्या काठीत लपली. पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे आणि दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणारे, दोघांनाही अशी काठी सोयीची होती. १९०३ साली शेरलॉक होम्स वाचकांकडे परत आला, त्या कथेतला कर्नल मोरन हाही हिंदुस्थानात वाघ मारलेला शिकारी; आणि लंडनमध्ये त्याच्या हाती होती ती वाऱ्याचीच बंदूक.

पोरांच्या हाती ती दिली अमेरिकेने. मिशिगनमधला एक पवनचक्कीचा कारखाना १८८६ च्या सुमारास चक्कीबरोबर शेतकऱ्याला एक लहान बंदूक देऊ लागला. शेतकऱ्यांना चक्कीपेक्षा बंदूकच आवडली. पुढे १८९५ मध्ये कारखान्याने नावच बदलून 'डेझी' केले. इंग्लंडात १९०५ पासून बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने नळीखाली तरफ असलेली दणकट रायफल बाजारात आणली. साडेचार मिलिमीटर म्हणजे 'वन सेव्हन सेव्हन' आणि साडेपाच मिलिमीटर म्हणजे 'टू टू', ही दोन मापे तेव्हापासून जी रुजली ती आजतागायत. लहान माप पिसांना, मोठे केसाळ जनावरांना, अशी तिकडच्या शिकाऱ्यांची म्हणच आहे.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या पिस्तुलाकडे येऊ. बर्मिंगहॅमच्याच वेब्ली कंपनीने १९२४ साली हवेचे पिस्तूल काढले. नळी वर उचलून पुढे वळवली की आतली स्प्रिंग दबते आणि चाप ओढला की दट्ट्या सुटून हवा दाबतो. कल्पना सुरेख, पण पिस्तुलाला दोन मर्यादा जन्मजात आहेत. नळी आखूड, म्हणून हवेला छऱ्यावर जोर लावायला वेळ थोडा. दस्ता खांद्याला टेकत नाही, म्हणून हात हलतो. ब्रिटनच्या १९६९ च्या नियमांनी तर हे आकड्यांतच बांधून टाकले. साध्या रायफलीला सुमारे १६ जूल आणि पिस्तुलाला सुमारे ८ जूल. त्यापुढे त्या वेळी खास परवाना लागे. आठ जूल म्हणजे किती? एक किलोचे वजन पाऊण मीटरहून थोडे अधिक उचलायला लागते तेवढी शक्ती. तिकडचे जाणकार म्हणूनच सांगतात की हवेचे पिस्तूल निशाणबाजीसाठी घ्यावे, शिकारीसाठी नव्हे.

अमेरिकेत ही मर्यादा नाही; तिथे निवड शिकाऱ्यावर सोडलेली आहे, आणि म्हणूनच ती अवघड. मी त्याला चार प्रकार समजावून लिहिले. स्प्रिंगचे पिस्तूल स्वस्त व टिकाऊ. पण दट्ट्या धावताना ते हातात आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झटका देते, त्यामुळे नेम टिकवायला फार सराव लागतो. दुसरे वायूच्या नळकांडीवर चालणारे. त्यातला कार्बन डायऑक्साईड २० अंश तापमानाला हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट जोर देतो, शून्य अंशाला मात्र तो ३५ पटीवर येतो. सशाचा हंगाम थंडीतच, म्हणजे गरजेच्या वेळीच जोर कमी. तिसरे हाताने पंप मारायचे. क्रॉसमन कंपनीचे १९७७ साली आलेले या जातीचे पिस्तूल आजही तिकडे लोकप्रिय आहे. दहा पंप मारले की पूर्ण जोर, हवामान कसेही असो. पण दुसरा बार हवा तर पुन्हा दहा पंप. चौथे, आधीच भरलेल्या टाकीचे. हे गिरार्डोनीचे थेट वंशज. यात जोर सर्वांत अधिक, झटका जवळपास नाही. किंमत आणि भरण्याची यातायात मात्र मोठी.

सशासाठी साडेपाच मिलिमीटरचा, पुढून गोलसर छरा बरा. कारण पिस्तुलाचा वेग मुळात कमी, आणि जड छरा तो जोर लक्ष्यापर्यंत नेतो. परंतु हे सगळे झाल्यावर खरी परीक्षा उरते. सशाचा मेंदू, म्हणजे डोळा आणि कान यांच्यामधली जागा, आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी नसते. छरा तिथेच लागला तर जीव तत्काळ जातो. अन्यत्र लागला तर ससा पळतो आणि कुठल्या तरी झुडपात तडफडून मरतो. म्हणून कागदावर नाणे ठेवून वर्तुळ काढावे आणि दहाच्या दहा छरे ज्या अंतरावरून त्या वर्तुळात बसतील, तेवढेच आपले अंतर. पिस्तुलावर बहुतेकांचे ते नऊ-दहा मीटरच्या पुढे जात नाही. पिस्तुलाच्या खोक्यावर छापलेला वेग हे अंतर सांगत नाही. ते आपला हात सांगतो.

आता होल्याची उरलेली गोष्ट. माझे आजोळ खानापूरच्या बाजूचे. मामांकडे नळी मोडून छरा घालायची बंदूक होती. मी बारा-तेरा वर्षांचा. आवळ्याच्या फांदीवर बसलेल्या होल्यावर मी तीसेक पावलांवरून बार काढला. पिसे उडाली. वर्गात मी गोष्ट इथेच थांबवत असे. मुले टाळ्या वाजवत. खरे असे की होला पडला नाही. एक पंख लोंबत तो बांबूच्या बेटात गेला. संध्याकाळपर्यंत शोधला, सापडला नाही. मामांनी तोवर सगळे जाणले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मारलास ते बरं का वाईट, ते देव बघंल. पण अर्धा मारून सोडलास की रे." दुसऱ्या दिवशी सकाळी तो मलाच दिसला. मुंग्या लागल्या होत्या आणि डोळा अजून उघडा होता, हलत होता. पुढचे काम मामांनी केले. माझ्याच्याने झाले नाही. त्या दिवसानंतर मी ती बंदूक हाती घेतली नाही आणि ही गोष्ट इतकी वर्षे अर्धीच सांगत आलो.

अशाच एका छऱ्याने एका मुलाला मात्र मोठे केले. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका पोरक्या मुलाने मामांनी दिलेल्या छोट्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटच त्याच्यापुढे उघडले. तो मुलगा म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवले. त्यांनी मरणारी चिमणी हातात धरून पाहिली आणि प्रश्न विचारला. मी टाळ्या घेतल्या. फरक असेल तर तो एवढाच.

आपल्याकडे हा प्रश्न आता कायद्यानेच मिटला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी ससा, तित्तर यांसारख्या लहान जिवांची शिकारही बंद केली. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० जूलपेक्षा जास्त जोराच्या किंवा साडेचार मिलिमीटरहून मोठ्या मापाच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. पण कायद्यापेक्षा मला अरुणाचल प्रदेशातली हकिगत मोठी वाटते. मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावी तिथल्या सरकारने छऱ्याच्या बंदुका स्वखुशीने परत करण्याची मोहीम सुरू केली. पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आणून दिल्या. रानात पाखरांचा आवाज ऐकू येईनासा झाला होता, तो परत यावा म्हणून.

आणि त्याच पिस्तुलाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दहा मीटरवरून कागदावर नेम धरून कांस्यपदक मिळवले. दहाच मीटर! सशासाठी जे अंतर आम्ही मोजले, तेच. कागदावर नेम चुकला तर गुण जातात, एवढेच.

विद्यार्थ्याला शेवटी लिहिले: "घ्यायचेच तर पंपाचे किंवा टाकीचे घे, साडेपाच मिलिमीटरचे. पण आधी दोन महिने कागदावर चालव. दहातला एक छरा जरी नाण्याबाहेर गेला, तर सशाला सोड आणि भाजीला जाळी लाव. होल्याची उरलेली गोष्ट खाली लिहिली आहे."

आठ दिवसांनी उत्तर आले. पिस्तूल घेतले होते. नाण्याएवढ्या वर्तुळाचा कागद त्याने फोटो काढून पाठवला. दहापैकी सात आत, तीन बाहेर. खाली एकच ओळ होती: "सर, जाळी लावली आहे."