वाटप एकाचे, जप्ती दुसऱ्याची

चंडीगढ शहराची उभारणी चालू असता, १९५२ च्या राजधानीविषयक कायद्यान्वये, तेथील भूखंड देणे आणि अटींचा भंग झाल्यास ते परत घेणे ही दोन्ही कामे एकाच इस्टेट ऑफिसच्या दफ्तरी आली. आणि १९६६ मध्ये पंजाबचे विभाजन होऊन शहर केंद्रशासित झाले, व त्याच्या दोन अंगांना पंजाबचे मोहाली आणि हरियाणाचे पंचकुला वाढीस लागले, तेव्हा वस्ती सलग दिसली तरी मोहालीच्या अंमलदाराला सेक्टर सतरामधला गाळा सरकारजमा करता येऊ नये, हे ओघानेच ठरले. त्याच शहरात २००५ मध्ये राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले, आणि तेथे जो व्यवसाय नांदू लागला त्याच्या पोटातही अधिकारक्षेत्राचा हाच तंटा कितीतरी आधीपासून चालत आलेला होता, याचे मला मोठे कौतुक वाटते.

तो तंटा संगणकाच्या मेमरीविषयीचा. १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये गणिताला लागणारी जागा आरंभीच मुक्रर होत असल्यामुळे ती परत करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. लिस्प भाषेसाठी जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या सुमारास, निरुपयोगी झालेली जागा यंत्रानेच हुडकून गोळा करावी, अशी व्यवस्था योजिली. तर बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सत्तरीच्या आरंभी घडविलेल्या सी भाषेत, 'मॅलॉक'ने जागा मागावी आणि 'फ्री'ने ती स्वहस्ते परत करावी, असा रिवाज पुढे रूढ झाला. सी प्लस प्लसने 'न्यू' आणि 'डिलीट' ही निराळी जोडी आणली. यांतील प्रत्येक रिवाज आपल्यापुरता निर्दोष होता. परंतु फोर्ट्रान व सी यांमधील जुन्या, कसास उतरलेल्या लायब्रऱ्या जावा आणि पायथन यांना जोडण्यात येऊ लागल्या, तेव्हा एकीने दिलेली जागा दुसरीने मोकळी करण्याचे प्रसंग वारंवार ओढवू लागले.

वाटप करणारी यंत्रणा बहुधा दिलेल्या तुकड्याच्या लगतच त्याच्या आकाराची नोंद ठेवते, आणि तुकडा परत आला की ती नोंद वाचून त्याला मोकळ्या जागांच्या यादीत दाखल करते. परक्या यंत्रणेच्या हाती तो पडला म्हणजे तिला त्या ठिकाणी भलतेच आकडे आढळतात. ते खरे मानून ती आपली यादी बिघडविते, अनेकदा काहीएक तक्रार न करता पुढे जाते, आणि पुष्कळ वेळाने, सर्वस्वी निरपराध अशा एखाद्या ओळीने नवी जागा मागताच, सारा प्रोग्रॅम कोसळतो व अहवालात नाव त्या बापड्या ओळीचेच लागते. विंडोजवर तर दोन डीएलएल एकाच सी भाषेत लिहिलेल्या असूनही, प्रत्येकीने रनटाइमची आपापली प्रत बाळगली असल्यास, हाच अनर्थ घडे.

अपराधस्थळ आणि मृत्युस्थळ यांतील हे अंतर मिटविण्यासाठी पुढे साधने निघाली. ब्रूस पेरेन्स यांच्या १९८७ च्या इलेक्ट्रिक फेन्सने तुकड्याच्या कडेला प्रवेशनिषिद्ध पान ठेवून अतिक्रमण करणाऱ्याला जागच्या जागी अडविण्याची युक्ती काढली. ज्यूलियन सीवर्ड यांचे २००२ मधील व्हॅलग्राइंड त्याहून चिकित्सक: कोणता तुकडा कोणी मागितला आणि कोणी सोडला याची ते जंत्री ठेवते, आणि जोडी चुकताच दोन्ही ठिकाणांचा पत्ता एकत्र सादर करते. त्यापायी प्रोग्रॅम वीसएक पटींनी मंदावतो. पण हे मोल मला रास्त वाटते. गूगलच्या ॲड्रेससॅनिटायझरने २०१२ च्या सुमारास ती मंदगती सुमारे दुपटीवर आणली. पायथनने मात्र लहान वस्तूंसाठी आपले स्वतंत्र वाटपखाते चालविल्यामुळे बाहेरच्या अन्वेषकांना आतले व्यवहार नीट उमगत नसत. म्हणून २०१६ च्या ३.६ आवृत्तीत ते खाते बाजूस सारून सारी मागणी थेट 'मॅलॉक'कडे वळविण्याची सोय करून देण्यात आली.

निदानाची साधने अशी सुधारत असता, तंटा मुळातच उद्भवू नये यासाठीही दोन मार्ग निघाले. मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या सुमारास कॉम व्यवस्थेत दोन्ही पक्षांना एक सामाईक वाटपखाते नेमून दिले. दुसऱ्या मार्गात लायब्ररी आपली जागा सोडविण्याचे फंक्शनही आपणच पुरविते: एसक्यूलाइटने दिलेला त्रुटिसंदेश एसक्यूलाइटच्याच फंक्शनने मोकळा करावा, रस्टने सीच्या हाती सोपविलेली अक्षरमाला 'फ्री'कडे न नेता पुन्हा रस्टच्याच स्वाधीन करावी, अशी त्यांच्या कागदपत्रांत सक्त ताकीद आहे. मला हाच मार्ग अधिक पसंत पडतो, कारण त्यात लायब्ररीच्या कर्त्याला आपली आतली वाटपव्यवस्था, शेजाऱ्याला न विचारता, उद्या बदलण्याची मोकळीक राहते.