अंगण, कुरण आणि शाळा

चैत्र लागला म्हणजे आमच्या बागलाणात कांद्याच्या काढणीची धांदल उडते. सटाण्याच्या आसपासच्या शिवारांत आईबापांबरोबर लहान मुलेही दिसू लागतात. पळस नुकताच फुलून गेलेला असतो, निंब मोहरलेला असतो, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात. निसर्ग शिकवावयास सिद्ध असतो. परंतु शाळेत मात्र कित्येक मुलांच्या जागा रिकाम्या राहतात. अशा मुलांचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले आहे. ज्युबिलीच्या या प्रसंगी त्या इतिहासाचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

इ. स. १९०७ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मूल स्वतःच्या हातांनी काम करूनच शिकते, हे त्यांच्या पद्धतीचे सार होय. पुढे स्पेनमधील बार्सिलोना येथे त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळेत मुलांनी गव्हाचे शेत पेरले व द्राक्षवेली लावल्या. हेतू हा की, पवित्र मिस्सेची भाकर व द्राक्षारस त्या पिकातून व्हावा. द्राक्षांच्या नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या आपणांस या गोष्टीचे मर्म सांगावयास नको.

हीच विचारधारा गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात रुजविली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी ती मराठी मुलखात आणली. इ. स. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. खेड्यातील गरीबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी होय. महागडी साधने परवडत नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने व खडे हीच साधने झाली.

इ. स. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरांमागे रानात जात. म्हणून शिक्षक कुरणात गेला व कुरणशाळा निर्माण झाली. थोरली बहीण धाकट्या भावंडास सांभाळावयाचे म्हणून घरी राही. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभारली. तान्हे मूल पाळणाघरात ठेवले की बहीण वर्गात बसण्यास मोकळी होई. रोगाचे मूळ ओळखून केलेला हा उपाय होता. इ. स. १९७५ च्या २ ऑक्टोबर रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

प्रिय वाचकहो, इ. स. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला. पण जी मुलगी बांधावर भावंडास सांभाळीत बसली आहे, तिचा हक्क कागदावरच राहतो. तिच्यासाठी आपणांपैकी कोणी सकाळच्या थंड वेळी दोन तास शिवारात जाऊन बसेल काय? झाडाची सावली व एक सतरंजी पुरे. चिंचोक्यांनी बेरीज-वजाबाकी शिकविता येते. वाळलेली पळसफुले पाण्यात भिजविली की रंग उतरतो. त्याने चित्रे काढता येतात. जमिनीत काठी रोवून तिची सावली तासातासाने मोजली, तर सूर्य जसजसा वर चढतो तसतशी ती आखूड होते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. निंबाचा मोहर, मुंग्यांची रांग, पाखरांची घरटी यांविषयी मुलांना बोलते करावे. घरट्यांना मात्र हात लावू देऊ नये. जवळच तान्ह्या मुलासाठी झोळी बांधावी, म्हणजे बहिणीचे लक्ष धड्याकडे लागेल.

ज्युबिलीच्या वर्षी भिंतींना रंग दिला जातो, पताका लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शिवारातील एका तरी मुलीच्या हाती पाटी आली, तर या उत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. परमेश्वर आपणां सर्वांस तशी सद्बुद्धी व सामर्थ्य देवो.