सदनाचे उघडे दार

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचे बिऱ्हाड फडातच असते. ज्यांना मुले बरोबर न्यायची नसतात ते ती आजी-आजोबांपाशी ठेवतात, हंगामी वसतिगृहात घालतात, किंवा एखाद्या धर्मसंस्थेच्या, मठाच्या, सेवाभावी आश्रमाच्या हवाली करतात. मूल परक्याच्या हाती सोपवताना आईबाप काय पाहतात? संस्थेची नोंदणी, तपासणीचे अहवाल हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. माणूस देवाधर्माचा आहे, एवढे मात्र ते निश्चित पाहतात.

हा विश्वास भाबडा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. मराठी मुलखात पोरक्या मुलांचा सांभाळ गेली दीडशे वर्षे प्रामुख्याने धर्मप्रेरित किंवा सुधारणाप्रेरित माणसांनीच केला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ साली पंढरपुरात तसेच एक गृह सुरू केले. बीडच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून होते, आणि दुष्काळातील अनाथ मुलांच्या वसतिगृहांचे मोठे जाळे या मिशनने पुढे उभे केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये याच नगर-राहुरीच्या परिसरातील जग आहे. दुष्काळ आणि प्लेग यांनी माणसे उघड्यावर आणली तेव्हा परक्याचे मूल पोटाशी धरणे म्हणजे काय, हे त्या पुस्तकाच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

पण या सांभाळाला जोडून एक प्रश्न आपल्या सामाजिक इतिहासात फार उशिरा विचारला गेला. धर्मसंस्थेच्या छपराखाली असलेले मूल सुरक्षित आहे की नाही, हे कोण पाहणार? आणि त्या मुलाने तोंड उघडले तर ते कोण ऐकणार? या प्रश्नाची मराठीतील पूर्वपीठिका पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. त्यातील १८९३ आणि १८९७ या दोन सालांच्या घटना शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत असे मला वाटते.

रमाबाईंनी शारदा सदन मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडले आणि १८९०च्या अखेरीस ते पुण्यास हलवले. सदनाला पैसा अमेरिकेतील मंडळाचा होता आणि सल्लागार रानडे-भांडारकरांसारखे पुण्या-मुंबईचे सुधारक. संस्था धर्मशिक्षण देणार नाही असे ठरले होते. परंतु रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. 'केसरी'ने सदनावर झोड उठवली, १८९३ साली सल्लागारांनी संबंध तोडले, आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला होता. आनंदीबाई कर्वे या नावाने तिने पुढे लिहिलेले 'माझे पुराण' हे आत्मकथन सदनातील मुलीच्या बाजूचा एक मोलाचा पुरावा आहे.

या वादाकडे आपण सहसा सुधारक विरुद्ध सनातनी, किंवा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असे पाहतो. बालसंरक्षणाच्या अंगाने पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की वादात मुलींची मते जवळजवळ कोणी विचारली नाहीत. मुलगी प्रार्थनेला का बसते हे तिला विचारण्यापेक्षा ती कोणत्या समाजाची, हे ठरवण्याची घाई दोन्ही बाजूंना अधिक होती. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून याच पुण्यात रण माजले होते, तेव्हाही कोवळ्या मुलीच्या देहाची चर्चा शास्त्रार्थ आणि परकी सत्ता यांच्या भाषेतच अधिक झाली होती. दुसरी गोष्ट मात्र या वादाच्या बाजूने सांगावी लागते. शारदा सदनावर बाहेरची नजर होती. सल्लागार येऊन चौकशी करू शकत होते, वर्तमानपत्रे प्रश्न विचारू शकत होती, आणि पालक मुलीला घरी नेऊ शकत होते. ही नजर बोचरी होती, बऱ्याच अंशी अन्यायकारकही होती. तरी ती होती.

चारच वर्षांनी परिस्थिती पालटली. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांची सोय पुढे पुण्याजवळच्या केडगावात झाली. 'मुक्ती'ची सुरुवात ती. या प्रवासाविषयी त्यांनी जे लिहिले त्यात भुकेइतकीच दुसऱ्या एका संकटाची नोंद आहे. दुष्काळी कामांच्या छावण्या आणि गरीबखाने तरुण मुलींसाठी निर्धोक नाहीत, मुलींना फूस लावणारी, विकणारी माणसे तेथे वावरतात, हे त्यांनी उघडपणे मांडले. सरकारी मदतीच्या जागीच मदत घेणारीचा घात होऊ शकतो, हे सांगणाऱ्या आपल्याकडच्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना केली पाहिजे.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग आला. १८९७च्या मे महिन्यात रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन' या पत्रात सरकारी प्लेग इस्पितळाच्या आणि विलगीकरणाच्या व्यवस्थेवर जाहीर तक्रार लिहिली. आपल्या सदनातील एक मुलगी या व्यवस्थेत गेली आणि तेथील एका पहारेकऱ्याच्या हाती सापडली, असा त्यांचा आरोप होता. प्रकरण विलायतेपर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे अचूक नसल्याचे सांगून ते खोडून काढले. त्या उन्हाळ्यात गोखल्यांनीही प्लेगच्या सैनिकांवर विलायतेत आरोप केले होते. पुरावा उभा करता न आल्याने त्यांना परतल्यावर माफी मागावी लागली. रँडच्या वधानंतरचा तो काळ होता. प्लेगच्या जुलमाचा हा अध्याय आपल्या राष्ट्रीय इतिहासात ठळक अक्षरांत आहे. त्यातली ती मुलगी मात्र तळटीपेतही क्वचितच भेटते.

रमाबाईंनी आपल्या मुलीसाठी सत्तेशी वैर घेतले, हे त्यांचे मोठेपण. पण याच घटनेतून एक अवघड प्रश्न निघतो, आणि रमाबाईंविषयी आदर बाळगूनही तो विचारला पाहिजे. प्लेग इस्पितळातील मुलीसाठी बाहेरून ओरड करणारी रमाबाई होती. केडगावच्या आवारातील मुलीसाठी बाहेरून ओरड करणारे कोण होते? शारदा सदनातील मुलींना पालक होते, म्हणून १८९३चा वाद होऊ शकला. दुष्काळातील मुलींच्या मागे कोणीच उरले नव्हते. १८९९-१९०० मध्ये छप्पन्नचा दुष्काळ आला, मराठवाड्यासह सारे दख्खन होरपळले, आणि मुक्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५च्या जूनअखेरीस तेथे धार्मिक संजीवनाची लाट उसळली. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत. ख्रिस्ती जगात ही घटना आजही गौरवाने सांगितली जाते. श्रद्धेच्या दृष्टीने तिचे मोल कोणी काहीही ठरवो. ज्या मुलीला अन्न, वस्त्र, शिक्षण आणि आई हे सारे एकाच ठिकाणाहून मिळते, तिला त्या लाटेपासून अलिप्त राहण्याची मोकळीक कितपत असेल, हा प्रश्न उरतोच. तेथे काही वावगे घडले असे मी म्हणत नाही. सारी सुरक्षितता एका थोर व्यक्तीच्या विवेकावर उभी होती, आणि थोर व्यक्ती नेहमीच लाभते असे नाही, एवढेच म्हणतो.

हा दोष एका धर्माच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. खंडोबाला मुरळी सोडण्याच्या चालीत मुलीचे वय, तिची इच्छा आणि तिचे पुढे होणारे हाल यांचा विचार देवाच्या नावाखाली बाजूला पडत होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध चळवळ केली. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी सोपवणे हा गुन्हा असल्याचे कलम दंडसंहितेत १८६० पासूनच होते. तरी मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा व्हायला १९३४ साल उजाडले. कायदा असूनही तो हलत नाही, कारण तक्रार करणाऱ्याला देवाविरुद्ध उभे राहावे लागते. हे मठ, मंदिर, मदरसा, चर्च या सर्वांना सारखेच लागू आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न अखेर न्यायालयात पोचला. मडगावात 'गुरुकुल' नावाचे अनाथगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली जन्मठेप. ती चर्चची संस्था नव्हती. पण धर्मनिष्ठ समाजसेवक ही त्याची प्रतिमाच त्याची ढाल होती. त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर गोव्याने २००३ साली स्वतंत्र बालक कायदा केला. मुंबईच्या 'अँकरेज' निवाऱ्यांचे प्रकरण २००१ साली उघड झाले. त्यात सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षांचा हा झगडा मुख्यतः एकाच मुद्द्यावर होता: निवाऱ्यात राहणाऱ्या मुलांचा शब्द विश्वासार्ह मानायचा की नाही.

प्रत्यक्ष चर्चमधील प्रकरणही महाराष्ट्रात घडले. २०१५ साली मुंबईतील एका चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. मुलाच्या कुटुंबाने ही गोष्ट चर्चच्या वरिष्ठांच्या कानी घातली होती, आणि पोलिसांना कळवण्याच्या बाबतीत वरिष्ठ कमी पडले की काय, यावर पुढे जाहीर वाद झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली जगभरच्या सर्व धर्मप्रांतांना तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था उभारण्यास सांगितले. बीड जिल्ह्यातील कॅथलिक मंडळी ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात, तो १९७७ साली स्थापन झालेला धर्मप्रांतही त्याला अपवाद नाही. पण चर्चचा अंतर्गत नियम आणि देशाचा कायदा या दोन गोष्टी आहेत. २०१२च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते की गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना दिली पाहिजे. धर्मगुरूसाठी तेथे सवलत लिहिलेली नाही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापकाने किंवा सेवकाने त्या संस्थेतील मुलावर केलेला अत्याचार कायदा अधिक गंभीर मानतो. विश्वास हा गुन्ह्याचे ओझे वाढवणारा घटक आहे, हे कायद्याने मान्य केले.

कायदा इतका स्पष्ट असताना मुले गप्प का राहतात? माझ्या मते याचे उत्तर उपकार या शब्दात आहे. आपली सारी सेवाभावी भाषा उपकाराची आहे. संस्था मुलाला 'आसरा देते', 'पदरात घेते', 'माणसात आणते'. ज्याला आसरा मिळाला त्याने तक्रार केली की ती कृतघ्नता ठरते. मूलही हे शिकते, आईबापही शिकतात. फडावरून फोन करणाऱ्या आईला मूल सांगते, बरे चालले आहे. त्याचे बरे चालले नसले तर ते सांगायचे कोणाला, आणि सांगितल्यावर जायचे कोठे? २०२५च्या आरंभी आळंदीत निघालेल्या अनेक खासगी वारकरी वसतिगृहांतील मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हाही आपण प्रथम परंपरेच्या अब्रूची काळजी वाहिली. १८९३ साली पुण्याने केले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकांना एक सुचवावेसे वाटते. मिशनचे अहवाल, आश्रमांच्या स्मरणिका, सुधारकांची चरित्रे आपण कार्याचा इतिहास म्हणून वाचतो. त्यांत मूल कोठे बोलते आणि कोठे केवळ मोजले जाते, हे पाहत ती पुन्हा वाचावीत. 'माझे पुराण'सारखे एखादे पुस्तक सोडले तर वसतिगृहात वाढलेल्या मुलाचा स्वतःचा आवाज त्या काळच्या मराठी गद्यात किती दुर्मिळ आहे, हे लगेच जाणवेल.

आणि बीडमधल्या एखाद्या आश्रमात, चर्चच्या बोर्डिंगात किंवा मठात मूल ठेवणाऱ्या आईबापांना जे विचारण्याचा संकोच वाटतो, ते त्यांच्या वतीने शिक्षकांनी विचारावे. संस्था बाल न्याय कायद्याखाली नोंदलेली आहे काय? जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे कोणी येऊन मुलांशी एकांतात बोलते काय? १०९८ हा क्रमांक मुलांना ठाऊक आहे काय, आणि तो फिरवायला त्यांना फोन मिळतो काय? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येणार नाही. रमाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवले, म्हणून त्यांच्याशी भांडता तरी आले. बंद दारामागच्या पुण्यकर्माशी ते करता येत नाही.