बापाने पुरलेले धन

मरणाच्या दारात असलेला शेतकरी मुलांना सांगतो, माझी सारी पुंजी आपल्या जमिनीत आहे, शोधा म्हणजे सापडेल. बाप गेल्यावर मुले हंड्याच्या आशेने रान खणून काढतात. हंडा निघत नाही, पण खणलेल्या मातीत त्या साली पीक उदंड येते.

मराठीत इसापनीती सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली आणली. कोलकात्यात ही गोष्ट ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या ‘कथामाला’त (१८५६) भेटते. मूळ ग्रीक कथेत द्राक्षमळा आहे. विद्यासागरांच्या बंगालीत त्याची धान्याची शेते झाली. बदल साधाच, पण त्यामुळे गोष्ट बंगालच्या मातीत येऊन उभी राहते आणि तिथे प्रश्न पडतो, जमीन कुणाची?

१७९३च्या कायमधाऱ्याने जमीनदाराला मालक ठरवले होते. सलग बारा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला वहिवाटीचा हक्क कायद्याने मिळाला तो १८५९ साली, म्हणजे पुस्तकानंतर तीन वर्षांनी. गोष्टीतला बाप जे मुलांच्या हाती निर्धास्त सोपवतो, ते तेव्हाच्या कित्येक खऱ्या बापांच्या हाती नव्हतेच. त्यांच्या मुलांनी रान खणून पीक वाढवले असते, तर वाढीव खंडाची भीती होती.

बापाचा सल्ला शहाणपणाचा खराच. शाळेत त्याचे तात्पर्य ‘कष्ट करा’ एवढेच सांगतात. बापाने मात्र ‘आपल्या जमिनीत’ असे म्हटले होते.