बटवा, कमंद आणि लखलखा

जोडे काढून हातात घ्या. गल्ली नुकतीच धुतली आहे आणि फरशीवर शेण, पाणी आणि झेंडूच्या पाकळ्यांचा राडा झाला आहे. घसरलात तर थेट 1900 सालात आपटाल. तसे तुम्ही तिथेच आहात म्हणा, काशीत, ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी. दिवसभराची लू ओसरली, तरी भिंती अजून तव्यासारख्या आहेत. हात टेकू नका, चटका बसेल.

डावीकडे सरका! सांड येतोय. इथे वाट तुम्हीच द्यायची, तो मागत नाही. भिंतीला चिकटून उभे राहिलात की शेजारच्या कढईतल्या दुधाचा वास नाकात शिरेल. हलवाई पंख्याने वारा घालत सायीचे पदर कडेला लावतोय आणि त्याच्या कोपरावरून घाम ओघळतोय. रबडी खायची की नाही ते तुम्ही ठरवा. दुर्गाघाटाजवळ वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडेल, "अगं, दूध उतू चाललंय!" दचकू नका. या भागात मराठी घरे कितीतरी पिढ्यांपासून आहेत.

पण आपण आलोय त्या ओट्यासाठी. एरंडेलाचा दिवा, त्याभोवती पाखरे आणि पाखरांभोवती पंधरा-वीस माणसे. विणकर, पानवाला, दोन विद्यार्थी, घाटावरून ओल्या धोतराने आलेला एक मल्लाह. मधोमध एक मुन्शीजी. कचेरीत त्यांची उर्दू मोत्यासारखी उतरते, पण मांडीवरचे पुस्तक नागरीत आहे. ते अक्षराखाली बोट धरतात, थांबतात, नातवाला हळूच विचारतात, "बेटा, हा घ की ध?" लोक चुळबुळतात. तिकडे नायक भुयारात अडकलाय आणि इकडे गाडी घ-धवर अडली आहे!

पुस्तक आहे देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता संतती'चा नवा भाग. याच शहरातल्या त्यांच्या लहरी प्रेसमधून आलेला. पान नाकाजवळ न्या, शाईचा वास येईल.

मुन्शीजींना घाम फुटलाय. ते तुमच्याकडे बघतात. "तुम्हाला नागरी येते? मग घ्या की!" पुस्तक तुमच्या हातात. नाही म्हणायची सोय नाही, मागून कुणीतरी खांदा ढकलतोय. वाचा. तुमच्या हिंदीला पुण्याचा किंवा नागपूरचा हेल आहे, असू दे. वाक्ये छोटी आहेत, जिभेवरून आपोआप पुढे सरकतात.

बघता बघता तुम्हीच ऐयार होता. ऐयार म्हणजे राजाचा हेर, बहुरूपी आणि वेळ पडली तर चोरही. कमरेला बटवा, बटव्यात बेशुद्धीची भुकटी, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा, तट चढायला दोराची कमंद. तोंडाला रंग फासला की तुम्ही दासी, धुतला की पुन्हा पुरुष. शत्रूचा ऐयार सापडला तर कैद करायचा, जीव घ्यायचा नाही. पुढे तिलिस्म लागतो. खजिना राखणारा तो चक्रव्यूह मंत्रांवर चालत नाही. फरशी दाबली की भिंत सरकते, खटका फिरवला की पुतळा हलतो. तिलिस्मी खंजीर अंगाला नुसता लागला तरी विजेसारखा झटका बसतो. मल्लाहाने पाय वर घेतलेत. तुम्हीही घेतलेत, लक्षात आले का?

आणि भाग नेमका तिथे संपतो, जिथे संपायला नको होता. "पुढे?" सगळे तुमच्यावरच खेकसतात. पळा!

परत आलात? बोटांना शाई लागली नाही ना, बघा. आता कामाचे. खत्री (1861–1913) चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेत असत. तिथले पडके किल्ले आणि गुहा त्यांनी पायाखाली घातल्या, म्हणून त्यांच्या भुयारांना खरी ओल आहे. सुरुवात चार भागांच्या 'चंद्रकांता'पासून करा: नौगढचा वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता, त्याचा ऐयार तेजसिंह, तिची सखी चपला. मग 24 भागांची 'संतती'. 'भूतनाथ' सर्वांत शेवटी. ते खत्रींच्या हातून अपुरे राहिले, त्यांचा मुलगा दुर्गाप्रसाद याने पुरे केले. दूरदर्शनवरची मालिका पाहिली म्हणून पुस्तक टाळू नका, त्याची वाट वेगळी आहे.

दोष आहेतच. योगायोग फार, बेशुद्ध पडणारे त्याहून फार. समीक्षक रामचंद्र शुक्लांनी या पुस्तकांना साहित्याच्या पंगतीत बसवले नाही. पण यांच्या ओढीने उर्दूवाले हिंदी शिकले, हे त्यांनीच मान्य केले.

म्हणून एक विनंती. मराठी भाषांतराची वाट बघत बसू नका, मूळ हिंदीच उघडा. मुन्शीजींना त्या पानापर्यंत पोचायला आधी घ आणि ध गिरवावे लागले. तुम्हाला ते पहिलीतच येत होते.